सीआरपी नॉर्मल, तरी दाताचं मूळ झिजलं

अमळनेरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. रक्त ओढायचं, स्लाइड रंगवायच्या, रिपोर्ट टाइप करायचे, दिवस त्यातच जातो. सूज म्हटली की माझ्या डोक्यात आधी रक्ततपासणीचा आकडा येतो. ईएसआर किती, सीआरपी किती (शरीरात सूज असली की हे दोन्ही वाढतात), पांढऱ्या पेशी किती. तिशी उलटल्यावर दातांना तार लावली, तेव्हा अशा एका सुजेशी गाठ पडली जी आमच्या कुठल्याच मशीनला सापडत नाही आणि जी डॉक्टरांनी ठरवून, मोजूनमापून आणलेली असते. तिच्याशिवाय दात हलत नाही. आणि तिच्यामुळेच माझ्या एका दाताचं मूळ आखूड झालं.

तार हौस म्हणून लावली नव्हती. वरचे पटाशीचे दात पुढे आणि खाली उतरलेले, त्यामुळे खालचे दात थेट टाळूला टोचायचे. दादर ज्वारीची भाकरी चावताना मागे कायम एक दुखरी जागा. जळगावच्या ऑर्थोडॉन्टिस्ट मॅडमनी तोंडात आरसा घालून बघितलं आणि वरच्या दोन उपदाढा काढून पुढचे दात मागे आणि वर सरकवावे लागतील म्हणाल्या. घरी सांगितलं तर मायचा पहिला प्रश्न, “तुना दात ते चांगला शेतस, मंग हाई तार काब्र?” तिच्या हिशोबात तार म्हणजे लग्नाच्या वयाच्या पोरींनी लावायची गोष्ट. माझं लग्न होऊन बरीच वर्षं झालेली.

पहिल्या भेटीत तपासणीपेक्षा चौकशीच जास्त. थायरॉइड आहे का, दमा आहे का, नखं खाता का, घरात आधी कुणी तार लावली होती का. लहानपणी पुढच्या दाताला मार लागला होता का? लागला होता. शाळेत कबड्डी खेळताना समोरच्याचा गुडघा बसला होता, दात काही दिवस हलत होता आणि मग आपोआप घट्ट झाला. मॅडमनी ते फाइलमध्ये लाल पेनाने लिहिलं. ओपीजी, म्हणजे सगळ्या दातांचा एकत्र एक्स-रे, झाला, डोक्याचा बाजूने एक्स-रे झाला, आणि शिवाय वरच्या पुढच्या चार दातांच्या छोट्या एक्स-रे फिल्मही झाल्या. कॉम्प्युटरवर त्यांनी उजवीकडची बाजूची पटाशी मोठी करून दाखवली. मूळ खाली रुंद आणि टोकाशी एकदम निमुळतं, शेवटी जरासं वाकलेलं.

“अशी मुळं झिजायला सोपी असतात,” त्या म्हणाल्या. “त्यात हा दात आपल्याला वर ढकलायचाय आणि मागेही न्यायचाय. दोन्ही कामं मुळाच्या टोकावरच येतात.”

संमतिपत्रकातली मूळ झिजण्याच्या धोक्याची ओळ त्यांनी स्वतः वाचून दाखवली. आमच्या लॅबमध्ये लोक न वाचता सह्या करतात आणि आम्हीही करू देतो. इथे मात्र पुढचं पान उलटायच्या आधी मला विचारलं गेलं, कळलं का? मी म्हटलं, नीट सांगा. त्यांनी ते पुढच्या कित्येक भेटींत तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. काही मी घरी वाचलं. पुढे जे लिहितोय ते या दोन्हींतून जुळवलेलं आहे.

दात हाडात थेट रुतलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो, पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीचा. पेरिओडॉन्टल लिगामेंट. त्यातच रक्तवाहिन्या, त्यातच नसा. तारेने दात ढकलला की एका बाजूला हा थर दाबला जातो, दुसऱ्या बाजूला ताणला जातो. दाबलेल्या बाजूच्या पेशींना ताण कळतो, रक्तपुरवठा कमी पडतो, आणि त्या आपल्या नेहमीच्या भाषेत, म्हणजे सूज आणणारी रसायनं सोडून, आरडाओरडा सुरू करतात: प्रोस्टाग्लँडिन ई-2, इंटरल्यूकिन-1 बीटा, इंटरल्यूकिन-6, टीएनएफ-अल्फा. ताप आला, गळू झालं, सांधा सुजला, तेव्हा जी नावं निघतात तीच. फक्त इथे जंतू नाही. इथे नुसता दाब आहे.

या आरड्याओरड्याने त्याच पेशींमधून रँकल नावाचं प्रथिन जास्त बाहेर पडतं. त्याला अडवणारं दुसरं एक आहे, ऑस्टिओप्रोटेजेरिन. दाबाच्या बाजूला रँकल वाढतं आणि अडवणारं कमी पडतं. ही जोडी 1997-98च्या सुमारास ओळखली गेली. माझ्या कॉलेजच्या जुन्या पुस्तकात तिचं नावही नव्हतं. रँकल ज्यांना जागं करतं त्या पेशी मात्र माझ्या ओळखीच्या निघाल्या. हाड खाणारी ऑस्टिओक्लास्ट ही पेशी मोनोसाइटच्या घराण्यातली. डिफरन्शियल काउंटला, म्हणजे पांढऱ्या पेशींचे प्रकार मोजायला, शंभर पेशी मोजताना दोन ते आठ मोनोसाइट भेटतात, जांभळट, मोठ्या, घोड्याच्या नालेसारखं केंद्रक असलेल्या. त्यांच्याच भाऊबंदांतल्या अनेक पेशी हाडाशी जाऊन एकमेकींत मिसळतात, अनेक केंद्रकांची एक मोठी पेशी होते आणि ती हाड विरघळवायला बसते. हाड मागे हटलं की दात पुढे सरकतो. ताणलेल्या बाजूला नवीन हाड भरत जातं. हे वाचल्यावर दुसऱ्या दिवशी स्लाइडवर मोनोसाइट दिसली, तेव्हा मी जरा जास्त वेळ भिंगाला डोळा लावून बसलो, हे खरं.

मग हाड विरघळतं आणि मूळ का नाही? मुळावर सिमेंटम नावाचं आवरण असतं आणि त्याच्या सगळ्यांत वरच्या ताज्या, अजून कडक न झालेल्या थराला या पेशी सहसा हात लावत नाहीत. म्हणून लाखो लोक तारा लावतात आणि बहुतेकांची मुळं शाबूत राहतात. अडचण होते ती दाब प्रमाणाबाहेर गेला की. तिथला रक्तपुरवठा बंद पडतो, पेशी मरतात, लिगामेंटचा तेवढा तुकडा काचेसारखा निर्जीव होतो. हा मेलेला माल उचलल्याशिवाय दात पुढे सरकत नाही, म्हणून शरीर सफाई पथक पाठवतं. 1990च्या दशकात नॉर्वेच्या ब्रुडविक आणि रिग यांनी उंदरांच्या दातांवर हे टप्प्याटप्प्याने बघितलं: मूळ झिजायला सुरुवात होते ती या निर्जीव पट्ट्याच्या कडेला, सफाईच्या वेळीच. अतिक्रमण काढायला आलेला जेसीबी शेजारच्या भल्या घराचं प्लॅस्टरही खरवडून जातो, तसं. एकदा वरचा थर गेला की आतलं सिमेंटम आणि त्याखालचं डेंटिन, म्हणजे दाताचा मुख्य कठीण भाग, उघडं पडतं.

मुळाच्या टोकाशी हे जास्त होतं. दात कुठेही ढकला, टोकाच्या इवल्याशा जागेत दाब एकवटतो. आणि दात वर ढकलायचा असेल तर सगळाच भार टोकावर. माझा दात नेमका त्यातला.

हे काही नवं नाही. केचम नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी 1927 मध्येच एक्स-रे काढून तारेनंतर मुळं आखूड होतात हे दाखवलं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर तार लावलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या मुळावर बारीक खड्डे सापडतात. बहुतेक खड्डे नव्या सिमेंटमने भरून निघतात आणि आयुष्यभर कुणाला पत्ताही लागत नाही. मूळ बरंच आखूड व्हावं, एक तृतीयांश जावं, असं शंभरात एक ते पाच जणांत होतं असं साधारण सांगतात. वरच्या पटाशीच्या दातांना धोका सगळ्यांत जास्त.

तर, तार लागली. पहिली तार अगदी बारीक, निकेल-टायटॅनियमची, बोटाने वाकवली तरी सरळ होणारी. दुपारी लागली, रात्री दात ठणकू लागले. दुसऱ्या दिवशी भरीतसुद्धा जिभेनेच दाबून खाल्लं. बिबडे, ऊस, शेंगा बंद. ठेचा मी स्वतःच बंद केला, कारण ब्रॅकेटने, म्हणजे तार अडकवायला दाताला चिकटवलेल्या चकतीने, गालाला आतून छाले आले होते. कुणाला बिनतिखटाचं जेवण चांगलं लागत असेल तर लागो.

त्या रात्री मेडिकलवाल्या मित्राने नेहमीची आयबुप्रोफेनची गोळी पुढे केली होती. घेण्याआधी मॅडमना फोन केला. “ती नको, पॅरासिटामॉल घ्या.” कारण सरळ आहे. आयबुप्रोफेन प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाही, आणि दात हलवणारा निरोप तोच घेऊन जातो. एखाद्या गोळीने बिघडत नसेल, पण रोज घेत राहिलं तर दाताची चाल मंदावते. मग मी विचारलं, सूज कमी केली तर मूळही कमी झिजेल ना? त्या हसल्या. म्हणाल्या, सूज काढून टाकली तर तार कशाला लावली? सूज हवीच आहे, फक्त लिगामेंटला झेपेल एवढी. म्हणजे बळ हलकं ठेवायचं. श्वार्त्झ यांनी 1932 मध्ये सांगितलेला जुना हिशोब आहे, की मुळावरचा दाब केशवाहिन्यांतल्या रक्तदाबाच्या आसपास असावा, दर चौरस सेंटिमीटरला 20 ते 26 ग्रॅम. प्रत्यक्ष तोंडात तो कुणी मोजू शकत नाही, पण दिशा तीच.

पहिल्या सहा महिन्यांच्या सुमाराला पुन्हा छोट्या फिल्म काढल्या. हे वेळापत्रक त्यांनी सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं. स्वीडनमधल्या लेव्हँडर आणि मालमग्रेन यांचं 1988 मधलं काम त्यामागे आहे: पहिल्या सहा ते नऊ महिन्यांत ज्यांच्या मुळाचं टोक थोडंसं झिजलेलं दिसतं, त्यांच्यात शेवटी जास्त झीज होण्याची शक्यता मोठी. म्हणजे ही पहिली फिल्म पुढचं भाकीत करते. माझ्या उजव्या बाजूच्या पटाशीचं टोक खरबरीत झालं होतं, आधीच्या फिल्ममधली वाकडी चोच पुसट झालेली. बाकी तिन्ही ठीक. मॅडमनी भेटींमधलं अंतर वाढवलं, वर ढकलणारी तार आणखी हलकी केली, आणि पुढची फिल्म लवकर काढायचं ठरवलं.

ती पुढची फिल्म दात मागे ओढायला सुरुवात झाल्यावरची. या वेळी शंका घ्यायला जागा नव्हती. टोक गोल झालं होतं, बोथट, घासून वापरलेल्या खडूच्या कांडीला असतं तसं. आधीच्या फिल्मशी मिळवून मोजलं तर साधारण दोन मिलिमीटर कमी. या दाताचं मूळ मुळात तेरा मिलिमीटरच्या आसपास असतं, त्यामुळे दोन म्हणजे थोडं नाही. ओपीजीवर तर ते त्याहून आखूड दिसत होतं, आणि माझ्या पोटात गोळा आला. पण ओपीजीवर विसंबू नका म्हणाल्या. दात मागे कलला की त्या एक्स-रेत मूळ उगाच आखूड दिसतं. म्हणून फिल्म होल्डरमध्ये धरून, दाताला समांतर ठेवून, आधी ज्या कोनातून काढली त्याच कोनातून काढायची. आमच्याकडे दोन मशीनवरचे रिपोर्ट एकमेकांशी ताडून बघू नका असं आम्ही पेशंटला सांगतो, त्यातलाच हा प्रकार.

मला सगळ्यांत खटकलं ते हे, की काहीच दुखत नव्हतं. तार घट्ट केल्यावर दोन दिवस जे ठणकतं त्याचा या झिजेशी संबंध नाही. मूळ झिजतं ते गुपचूप. मॅडमनी कापसावर थंड स्प्रे मारून दाताला लावला, झिणझिणी आली, म्हणजे आतली नस जिवंत. बोटाने हलवून बघितला, किंचित हलला, पण तार चालू असताना दात थोडे हलतातच.

दुसऱ्या दिवशी लॅब उघडल्यावर मी स्वतःचं रक्त काढून सीआरपी लावला. नॉर्मल. ईएसआर नॉर्मल. दातात एवढी उलथापालथ चाललेली आणि रक्ताला गंधवार्ता नाही. नंतर विचार केला तर आश्चर्य वाटायचं कारण नाही. पाव मिलिमीटरच्या थरातली ही भानगड, सीआरपी जिथे बनतं त्या यकृतापर्यंत तिचा निरोप पोचावा एवढी मोठी नाहीच. ती शोधायची तर हिरडीच्या कडेला जो किंचित द्रव पाझरतो, त्यात शोधावी लागते. संशोधक कागदाची बारीक पट्टी हिरडीच्या फटीत काही सेकंद धरून तो टिपतात, मायक्रोलिटरभर, आणि एलायझाने, म्हणजे प्रथिनं मोजायच्या लॅबमधल्या एका चाचणीने, इंटरल्यूकिन-1 बीटा, रँकल वगैरे मोजतात. तार लावल्यावर साधारण एका दिवसात इंटरल्यूकिन-1 बीटा चढलेलं सापडतं. झिजणाऱ्या डेंटिनमधून सुटलेली प्रथिनं त्याच द्रवात शोधायचेही प्रयत्न झाले आहेत. एलायझा म्हटल्यावर माझे डोळे चमकले, पण मॅडमनी तिथेच थांबवलं. नेहमीच्या दवाखान्यात यातलं काही वापरात नाही, तिथे अजून फिल्मच. इंटरल्यूकिन-1 बीटाच्या जनुकातल्या फरकामुळे काहींची मुळं जास्त झिजतात का, यावरही 2003 पासून अभ्यास चालू आहेत. निकाल सगळीकडे सारखे आलेले नाहीत.

मग थांबा. हाच उपाय. दात ओढणारी पॉवर चेन काढली, स्प्रिंग काढल्या, तार तशीच ठेवली पण कसलाही जोर न देणारी, आणि दोन-तीन महिने काहीच करायचं नाही. याच स्वीडिश मंडळींनी 1994 मध्ये दाखवलं होतं, की मध्ये असा विसावा दिलेल्या दातांची मुळं न थांबता ओढलेल्या दातांपेक्षा कमी झिजली. बळ थांबलं की निर्जीव तुकडा साफ व्हायला वेळ मिळतो, रँकलचा जोर ओसरतो आणि खड्ड्यांच्या तळाशी नवं सिमेंटम बसायला लागतं. गेलेलं टोक मात्र परत येत नाही. ते मी दोनदा विचारून घेतलं.

हा काळ मला सगळ्यांत जड गेला. तोंडात तार, सुळ्यामागे उपदाढ काढलेली मोकळी जागा, आणि प्रगती शून्य. भर उन्हाळा होता, अमळनेरला सखाराम महाराजांची यात्रा भरलेली, बोरी नदीच्या पात्रात जो भेटेल तो विचारी, “भाऊ, अजून निघनी नही का तार?” काय सांगणार? तोंडातल्या पेशींना सुट्टी दिलीय?

पुन्हा फिल्म काढली, टोक होतं तेवढंच होतं. मग बसून नव्याने ठरवलं. हे बोलणं मला सगळ्यांत मोलाचं वाटतं, कारण इथे मॅडम माझ्या बाजूने आणि स्वतःच्या कामाच्या विरोधात बोलल्या. मूळ आराखडा म्हणजे वरचे दात पूर्ण मागे, फट पूर्ण बंद, खालच्या दातांवर बरोब्बर बसलेले. तो गाठायचा तर मुळाचं टोक हाडातून आणखी लांब ओढावं लागणार. त्याऐवजी टाळूला टोचणं थांबलंय, तेवढं राखायचं. दात अजून थोडेच मागे न्यायचे, हलक्या बळाने, आणि उजवीकडे थोडी फट राहिली तर राहू द्यायची. “कागदावर केस सुंदर दिसणार नाही,” त्या म्हणाल्या, “पण तुम्हाला कागदाने जेवायचं नाहीये.”

मी लगेच हो म्हटलं. बायकोला वाटलं एवढा खर्च केला तर पूर्ण करून घ्यायला हवं होतं, आणि तिचं म्हणणं अगदीच चूक नाही. पण मूळ आखूड दाताचं गणित पुढे कधी बिघडतं ते मी ऐकलं होतं. नुसत्या आखूड मुळाने दात पडत नाही, टोकाचा भाग धरून ठेवण्याच्या कामात तसा कमी असतो. त्याच दाताला पुढे पायोरिया होऊन वरून हाड खचलं, तर दोन्हीकडून घट. म्हणून हिरडी सांभाळणं आता माझ्यावर.

उरलेलं काम ठरल्याप्रमाणे झालं. लवकर तार निघाली, आतल्या बाजूने दातांना चिकटवलेली बारीक तार राहिली, रात्री दात जागेवर धरून ठेवणारा प्लॅस्टिकचा रिटेनर. तार निघाल्यानंतरच्या फिल्ममध्ये टोक बोथटच आहे, पण कडा गुळगुळीत झाली आहे आणि भोवती लिगामेंटची काळी रेघ पूर्ण दिसते, म्हणजे झीज थांबली. अजून वर्षातून एकदा फिल्म काढायची आहे.

टाळूला टोचत नाही. भाकरी नीट चावता येते. उजव्या सुळ्यामागची फट तेवढी राहिली आहे, बाहेरून कुणाला दिसत नाही, पण शेवभाजी खाल्ली की दर वेळी तिथे शेव अडकते. त्यासाठी खिशात बारीक ब्रश ठेवतो. मॅडम म्हणतात दाताच्या रंगाचं फिलिंग लावून ती फट बुजवता येईल. दिवाळीनंतर बघू म्हटलंय.